बाबांनी मारलेला चांदी रंग

बाबांनी आमच्या ट्रकला स्वतःच्या हातानं रंग मारला तेव्हा मी सातवीत होतो. तीन दिवस ते घरी आले नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी गाडी दारात उभी राहिली, ती ओळखूच येईना. गेली तेव्हा निळी होती, आली तेव्हा चांदी रंगाची.

आम्ही पोरं गाडीभोवती धावलो. काहीतरी बिघडलंय हे मला त्या वयातही दिसलं. रंगाचे ओघळ बोनेटवरून खाली आले होते आणि तिथंच वाळले होते. काचेचं रबर, आरसा, टायरची कड, अर्धा हेडलाइट, सगळ्यांवर चांदीचे फवारे उडाले होते. काचांवर चिकटवलेला पेपर नीट निघाला नव्हता, त्याचे तुकडे कडेला राहिले होते. मी दारावर हात ठेवला तर तळवा चांदीचा झाला. निळा उडून गेला होता, म्हणून ओळखीच्याचा कंप्रेसर मागून आणला आणि मीच मारला, असं बाबांनी सांगितलं. माय दारात उभी होती. तिनं गाडीकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. रंग तिला आवडला नसावा असं मला वाटलं.

तो आमचा नव्या वसाहतीतला पहिला हिवाळा. गोसीखुर्दच्या धरणात आमचं गाव गेलं आणि आम्हाला इथं आणलं. सरळ रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, आणि वेशीवरच्या दगडावर जुन्या गावाच्या नावापुढे कंसात ‘पुनर्वसित’. बाबांची गाडी धान राइस मिलवर न्यायची, कधी विटा, कधी तणस. आमचं घर त्या गाडीवर चाललं.

दहावीनंतर मी भंडाऱ्याला एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग शिकलो. तिथं मला पहिल्यांदा कळलं की बाबांनी काय काय चुकवलं होतं. जुना रंग घासला नव्हता, प्रायमर मारला नव्हता, रंगाची गन गाडीच्या फार जवळ धरली होती. पुढे अड्याळच्या रस्त्याला मी स्वतःचं दुकान टाकलं. दुसऱ्यांच्या गाड्या आरशासारख्या करून द्यायचो आणि माझ्या बापाची गाडी रस्त्यानं जायची ती तशी. गिऱ्हाइकं हसायची. मी बाबांना चार-पाच वेळा तरी म्हटलं असेल, दोन दिवस गाडी द्या, नीट करून देतो. दरवेळी एकच उत्तर, राहू दे, चालते ना. एकदा मी सामान घेऊन सकाळीच घरी गेलो, तर त्या दिवशी भाडं नसताना ते गाडी घेऊन निघून गेले. संध्याकाळी आले आणि जेवायला बसले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली. बपेऱ्याकडचा एक विटाभट्टीवाला ती घ्यायला तयार झाला. पण आरसी बुकात रंग निळा आणि गाडी चांदीची. आजवर पासिंगच्या वेळी एजंटनं ते कसंतरी निभावून नेलं होतं, आता गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर ते चालणार नव्हतं. गाडी निळी करून द्या, मग नेतो, असं तो म्हणाला. बाबा म्हणाले, मग भंगारात दे. चालती गाडी भंगारात कशाला, असं मी विचारलं तर ते उठून मागच्या आंगणात गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. भंडाऱ्याला तीन दिवस राहायचं होतं, माझी बायको सोबत गेली. ती दोघं एसटीत बसून गेल्यावर मी घरी परतलो तर माय ओसरीवर बसून होती. मला म्हणाली, “ते यायच्या आधी काढून टाक तो रंग.”

इतक्या वर्षांत ती त्या रंगाबद्दल पहिल्यांदा काही बोलली होती.

मी दुकान बंद ठेवलं आणि पॉलिश पेपर, थिनर, पुट्टीची पत्ती, बादल्या घेऊन आलो. बोनेटपासून सुरुवात केली. खालचा निळा शक्य तितका वाचवायचा, त्याच्यावरच नवा हात द्यायचा, असा माझा विचार होता. चांदी कुठं पापडासारखी सुटत होती, तर कुठं अशी घट्ट बसलेली की बोटांची सालं निघाली. थिनर जास्त झालं की खालचा निळाही सुरकुतायचा, म्हणून मी पाणी मारून पेपरनंच घासत होतो. बादलीतलं पाणी राखेसारखं होई. दुपारपर्यंत बोनेट आणि केबिनचा कपाळपट्टा निळा झाला. त्याच्यावर पिवळी किनार निघाली, दोन कमळं निघाली आणि मधोमध आमच्या गावाचं नाव निघालं. जुन्या गावाचं, कंसाशिवाय.

मायला हाक मारली. ती आली, तिनं पदरानं त्या अक्षरांवरचं पाणी टिपलं आणि म्हणाली, “दारं बाकी आहेत अजून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरच्या बाजूचं दार घेतलं. चांदी निघाली तेव्हा खाली निळा नव्हता, पुट्टी होती. हातभर लांब, वीतभर रुंद, नवशिक्यानं भरावी तशी जाड. कुठं ठोकर लागली असेल म्हणून मी दाराच्या आतून हात फिरवला. पत्रा सपाट होता. ठोकर नाही, खड्डा नाही, आणि एवढी पुट्टी. पत्ती एका कोपऱ्यात घालून दाबली तर पुट्टीचा मोठा खापा सुटून खाली पडला. खाली पत्र्यावर ओरखडे होते. मला वाटलं, झाडाची फांदी घासली असेल. दुसरा खापा काढला तेव्हा ते ओरखडे नाहीत, अक्षरं आहेत हे दिसलं. मी पत्ती खाली ठेवली आणि उरलेली पुट्टी हातानं उकरली.

दारावर लिहिलं होतं, गावबुडव्या.

खिळ्यानं नाहीतर विळ्याच्या टोकानं लिहिलं असावं. एकेक रेघ निळ्या रंगातून आरपार पत्र्यापर्यंत गेली होती आणि पुट्टीच्या आत गंजून तपकिरी झाली होती. लिहिणाऱ्यानं एकेका अक्षरावर दोनदा, तीनदा जोर दिला होता.

मला शब्दाच्या आधी अक्षर ओळखू आलं. शेवटचं ‘व्या’ त्यानं जोडून लिहिलं नव्हतं. पूर्ण व काढून त्याचा पाय मोडला होता आणि बाजूला या. अशी अक्षरं मी लहानपणी पाटीवर गिरवली होती. शाळेत मास्तर त्यासाठी मला मारायचे, कारण घरी मामानं तसंच शिकवलं होतं. जोडाक्षर आलं की मामा व्यंजनाचा पाय मोडायचा. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण मला शाळेत घालायच्या आधी त्यानंच मुळाक्षरं शिकवली. मायचं माहेर आणि सासर एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर होतं. मी निम्मा दिवस मामाच्या घरीच असायचो.

नव्या वसाहतीत आल्यापासून मामा आमच्या घरी कधी आला नाही. जागेवरून भांडण झालं एवढंच आम्हाला सांगितलं होतं.

माय चहा घेऊन आली. मी दारासमोर उभा राहिलो, पण तिनं कप माझ्या हातात देऊन मला बाजूला केलं. तिला वाचायला वेळ लागतो. एका अक्षरावरून दुसऱ्यावर असं बोट फिरवत तिनं तो शब्द वाचला. नंतर म्हणाली, “मले मालूम होतं.”

मग ती कडुनिंबाच्या बुंध्याशी बसली आणि तिनं मला सगळं सांगितलं. इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा गावानं मारोतीच्या देवळात ठरवलं होतं की सगळ्यांना प्लॉट आणि मोबदला मिळेपर्यंत कोणी गावाबाहेर सामान काढायचं नाही. सगळ्यांनी नारळावर हात ठेवला होता, बाबांनीही. आणि मग लोकांचं सामान हलवायचं काम एका ठेकेदारानं बाबांना देऊ केलं. त्यांनी ते घेतलं. माय म्हणाली, मी विचारलं होतं त्यांना, काहून घेतलं म्हणून. ते म्हणाले, पाणी नारळ पाहून थांबत नाही, कोणी तरी नेलंच पाहिजे. पहिलं घर त्यांनी आमचंच भरलं, भर दुपारी, सगळ्या गावासमोर. दारं, चौकटी, कोठीतलं धान, मायचा पाटा-वरवंटा. लोक आपापल्या ओट्यांवर उभे राहून बघत होते. मला त्यातलं एवढंच आठवतं की मी सामानावर सगळ्यात उंच बसलो होतो आणि मला फार मजा वाटली होती.

त्यानंतर एकेक घर बाबांकडे येऊ लागलं. आमचंही न्या, पण कोणाला सांगू नका. बाबांनी सगळ्यांचं नेलं. शेवटी चार-पाच घरं उरली, त्यात मामाचं. मामा म्हणायचा, शब्द दिला आहे, मी हलत नाही. आजी, म्हणजे मायची माय, तेव्हा खाटेला लागलेली होती. पाणी मामाच्या परसात आलं, विहिरीत शिरलं. बाबा गाडी घेऊन गेले. मामानं दार लावून घेतलं. बाबांनी ढकलून ते उघडलं, आजीला खाटेसकट उचललं आणि दोघा माणसांच्या मदतीनं ट्रकच्या डाल्यात ठेवलं. मला गावातच राहू द्या, असं ती म्हणत होती. मामा गाडीच्या पुढे आडवा झाला. त्याला बाजूला ओढलं आणि गाडी निघाली.

“इथं आली तवा ती गेलेली होती,” माय म्हणाली.

ते मला आठवलं. गाडीतून खाट उतरवत होते आणि कोणीतरी माझं डोकं धरून मला दुसरीकडे वळवलं होतं. आजी आजारानं गेली असंच मी आजवर समजत होतो. नव्या वसाहतीतलं ते पहिलं मरण. तिथं मसनवटीसुद्धा ठरलेली नव्हती. लोक जाळायचं कुठं यावर वाद घालत बसले आणि आजी दुपारभर आंगणात होती. मामा संध्याकाळी सायकलनं आला, त्यानं अग्नी दिला आणि घरात पाय न ठेवता परत गेला.

तेरवी झाल्यावर बाबा उरलेल्या सामानाची शेवटची खेप आणायला जुन्या गावी गेले. गाडी उभी करून ते घरात गेले असताना कोणीतरी दारांवर हे लिहिलं असावं.

“दारांवर?” मी विचारलं.

“दोन्ही,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं की बाबा त्या दिवशी घरी आलेच नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ती विस्थापितांच्या कुठल्याशा कागदावर अंगठा द्यायला पवनीला गेली होती तेव्हा तिनं बाजाराच्या कडेला उभी असलेली गाडी पाहिली. दोन्ही दारांवर फडकी बांधलेली होती, त्यातलं एक वाऱ्यानं वर उडालं. अंगठा देणारी बाई म्हणून कोणाला वाटलं नसेल, पण तिला अक्षरं येत होती, तिच्या भावानंच शिकवली होती. तिनं शब्द वाचला, कोणी लिहिला तेही ओळखलं आणि ती पायीच परत आली. दोन दिवसांनी गाडी चांदीची होऊन दारात आली. बाबांनी हे सगळं तिच्यापासून लपवलं होतं आणि आपण पाहिलं हे तिनं त्यांच्यापासून.

मी विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललीस? ती म्हणाली, “काय बोलू? तो माह्या भाऊ. हे माह्ये मालक. अन् मेली ते माह्यी माय.”

दुसऱ्या बाजूच्या दाराची पुट्टी मी त्या दुपारी काढली. तिथंही तोच शब्द होता, पण हात वेगळा. अक्षरं मोठी, वाकडी, आणि ‘बु’ला दीर्घ ऊकार. मी तो कोणाचा हे ओळखू शकलो नाही.

बाबा यायला अजून एक दिवस होता. सरळ ग्राइंडर मारून भरून टाकता आलं असतं. त्याऐवजी मी मोटारसायकल काढून अड्याळला गेलो. मामा तिथं मुलीकडे राहतो. बारा-तेरा वर्षांनी मी त्याच्यासमोर उभा होतो. तो ओसरीत बसून वाळलेल्या लाखोळीच्या शेंगा सोलत होता. त्यानं मला ओळखलं, बस म्हणाला, पाणी मागवलं. मी गाडीचा रंग काढतो आहे एवढंच सांगितलं. त्याचे हात थांबले. मला वाटलं तो नाही म्हणेल, किंवा रागात लिहिलं होतं म्हणेल. खरं सांगायचं तर मी तेच ऐकायला गेलो होतो, म्हणजे घरी येऊन मायला सांगता आलं असतं.

“मीच लिहिलं,” तो म्हणाला. “आजही लिहीन.”

मी म्हटलं, पाणी तर आलंच ना मामा, आजीला तिथं ठेवून काय झालं असतं. तो म्हणाला, तिथं मेली असती. आपल्या घरात. मी तिच्या तोंडात पाणी घातलं असतं. मग तो पुन्हा शेंगा सोलू लागला. दुसऱ्या दारावरचं कोणी लिहिलं हे मी विचारलं. त्याला ते माहीतच नव्हतं. तो म्हणाला, मी एकाच दारावर लिहिलं, दुसऱ्याचं मले नको विचारू, त्याच्या गाडीत तं सारं गाव बसून गेलं. मी निघालो तेव्हा त्यानं विचारलं, तुही माय कशी आहे. बरी आहे म्हणालो. त्यानं मान हलवली.

तिसऱ्या दिवशी बाबा ठरल्यापेक्षा लवकर आले. मी पुट्टी कालवत होतो आणि दारांवरची अक्षरं तशीच उघडी होती. ते ऑटोतून उतरले, डोळ्यावर काळा चष्मा, त्याच्याखाली हिरवी पट्टी. बायको हात धरायला गेली तर त्यांनी नको म्हटलं. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना फक्त पुसट दिसायचं, पण निळा रंग त्यांना दिसला. ते गाडीजवळ आले आणि हात पुढे करून दार चाचपू लागले. बोटं अक्षरांवर गेली आणि थांबली.

तेवढ्यात माय बाहेर आली. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “मी तवाच वाचलं होतं. पवनीले. फडकं उडालं होतं.”

बाबांनी तिच्याकडे तोंड वळवलं. चष्म्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते. दारावरचा हात त्यांनी काढला नाही. त्यांनी विचारलं, “मंग इतके दिवस?”

बाबा ओसरीवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. डॉक्टरनं उजव्या कुशीवर झोपायचं नाही म्हणून सांगितलं होतं, बायकोनं त्याची दोनदा आठवण करून दिली, त्यांनी ऐकलं नाही.

पुढचे दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. मी दारं घेतली. रेघा फार खोल होत्या आणि गंजानं पत्रा आतून खाल्ला होता. ग्राइंडर लावला तर काही ठिकाणी आरपार भोकं पडली. गावबुडव्यातला ‘ड’ संपूर्ण गेला, तिथं रुपयाएवढं भोक. मागून पत्र्याचे तुकडे लावून वेल्डिंग केलं, घासलं, भरलं, पुन्हा घासलं. आजवर मी शेकडो दारं केली असतील. ही दोन दारं पुरी करायला मला दोन दिवस लागले. किनार, कमळं आणि गावाचं नाव वाचवता येईल असं वाटलं होतं, पण शेवटी तेही गेलं. नव्या निळ्याखाली जुना कुठंकुठं सुरकुतला आणि सगळंच काढावं लागलं. गावाचं नाव मीच घासून काढलं. त्याचा फोटो काढायचं भानसुद्धा मला राहिलं नाही.

प्रायमर मारून झाला तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. मी रॉकेलनं हात धूत होतो. बाबा काठी टेकत माझ्याजवळ आले आणि बादलीशेजारी विटेवर बसले. पट्टी निघाली होती, पण चष्मा होता.

“ती जित्ती होती,” ते म्हणाले.

मी हात धुवायचं थांबवलं.

ते सांगू लागले. नाल्यावरचा रपटा, तो ठेंगणा पूल, लागला तेव्हापर्यंत आजी जिवंत होती. मागच्या डाल्यात खाटेशी बसलेल्या माणसानं केबिनच्या पत्र्यावर हात आपटला, म्हातारी पाणी मागते म्हणून ओरडला. रपट्यावरून पाणी वाहायला लागलं होतं, टायरच्या निम्म्यापर्यंत. बाबांना वाटलं, आता थांबलो तर गाडी बंद पडेल, इथंच अडकू, सगळेच जाऊ. त्यांनी गाडी थांबवली नाही. पलीकडे चढून वर आले, शंभर-दोनशे पावलं गेले असतील, तिथं थांबले आणि पाण्याची कॅन घेऊन मागे गेले. तोवर ती गेलेली होती.

“पाणी गाडीत होतं,” ते म्हणाले. “माह्या शीटखाली होतं.”

मी म्हटलं, थांबला असतात तर सगळे बुडाले असते, बाबा. ते म्हणाले, “नाही. मी दुसऱ्या दिवशी पाहायले गेलो होतो. पाणी तेवढंच होतं. वाढलंच नाही.”

माय आत स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज बंद झालेला होता. तिनं ऐकलं की नाही हे मी तिला आजवर विचारलेलं नाही आणि तिनंही काही सांगितलेलं नाही. मग बाबांनी मला प्रायमर वाळायला किती वेळ लागतो असं विचारलं. मी सांगितलं, ऊन बरं आहे, दुपारी घासायला येईल. ते उठून आत गेले.

गाडी निळी झाली. रंग चांगला बसला, एकही ओघळ नव्हता. बपेऱ्याचा माणूस दोन ड्रायव्हर घेऊन आला, त्यानं दारं उघडझाप करून पाहिली, पत्र्यावर टिचकी मारली आणि काम पक्कं आहे म्हणाला. गाडी निघाली तेव्हा बाबा आतच होते. माय वळणापर्यंत गाडीमागे चालत गेली आणि तिथं उभी राहिली.

महिनाभरानं तिनं मला अड्याळला न्यायला सांगितलं. बाबांना विचारलं होतं का, असं मी विचारलं तर म्हणाली, सांगून आली. मामा ओसरीतच होता. भावाबहिणीनं एकमेकांच्या पायांकडे, हातांकडे पाहिलं. तिनं सोबत नेलेला चिवडा त्यानं बाजूला ठेवला. तासभर ती दोघं बसली, तब्येतीचं आणि धानाचं दोन शब्द बोलली. आजीचं नाव कोणी काढलं नाही. निघताना मामा वेशीपर्यंत आला आणि मायला म्हणाला, पुन्हा ये. आमच्याकडे या, असं तिनं त्याला म्हटलं नाही. मोटारसायकलवर माझ्यामागे बसून ती घरी परत आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं.